षंढ शब्दाचं गाव

खोली भाड्याने देताना आमच्या घरमालकांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही, आगाऊ भाड्याचंही काढलं नाही. ओट्यावर उकिडवे बसून ते सुपारी कातरत होते. माझ्या नवऱ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "राग आला की तोंडातनं पयला शब्द कोणता निघतो?"

नवरा गोंधळला. तो दापोडीच्या वर्कशॉपात फिटर होता. घरातही तो हत्यारं मागण्यापुरतंच बोले. "काही निघत नाही," तो म्हणाला. "गप्प बसतो."

"जेवान सोडता?"

"कधीकधी."

"कुठवर?"

"सकाळपर्यंत," मी मध्येच सांगून टाकलं. मला शिफ्ट गाठायची होती आणि ही चौकशी कुठे जाणार ते कळेना.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "बाई खरं बोलत्यात," म्हणाले. "शेवटची खोली घ्या. पावसाळ्यात डाव्या कोपऱ्यात गळतंय, तिथं चूल मांडू नका."

अशी आम्हाला चिंचवडला खोली मिळाली. पन्नास सालानंतरची, पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता तेव्हाची ही गोष्ट. मी त्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात होते. स्टेशन आणि गाव यांच्या मध्ये तेव्हा ज्वारीची शेतं होती आणि त्या शेतांच्या कडेला घरमालकांच्या पत्र्याच्या सहा खोल्या. एका खोलीत ते आणि काकू, म्हणजे त्यांची बायको. उरलेल्या खोल्यांत आम्ही पोटासाठी चारी दिशांनी आलेले लोक.

तोंडावर आम्ही त्यांना 'डॉक्टर' म्हणायचो, मागे 'चिमटेमास्तर'. डॉक्टर ते नव्हते. चाकणच्या गुरांच्या दवाखान्यात त्यांनी नोकरी केली होती आणि त्या नोकरीतलं त्यांचं मुख्य काम बैल खच्ची करण्याचं होतं. ज्यांनी शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. गोऱ्हा वयात आला की तो नांगराला, गाडीला नीट चालत नाही, मारका होतो. म्हणून त्याची पुरुषाची शक्ती काढून घेतात. पूर्वी दगडाने बडवत, जनावर रात्रभर हंबरत पडे. मग सरकारने दवाखान्यांना लोखंडी चिमटे दिले. चिमट्याने रक्त येत नाही, काम लवकर होतं. नोकरी सुटल्यावर त्यांनी असलाच एक जुना, मोडीत निघालेला चिमटा घरी आणला होता. तो ओट्यावर खिळ्याला टांगलेला असे. नवीन माणूस आला की हटकून विचारायचा, हे काय आहे म्हणून. ते सांगायचे. मग पुरुष माणूस असेल तर जरा सरकून बसायचा.

दर शनिवारी चाकणला गुरांचा बाजार भरे. नोकरी संपली तरी ते जात. बैलांच्या रांगांमधून फिरत, कुणाच्या वशिंडावर हात ठेवत, कुणाचे दात बघत आणि काही न घेता परत येत. "काय पाहिलंत?" असं विचारलं तर म्हणत, "आमची पोरं बघितली. चांगली राबत्यात."

दुसरी खोड धुण्याची. काकूंची पाठ धरलेली होती, त्यांना वाकवत नसे. म्हणून विहिरीवर बायकांच्या रांगेत बसून ते काकूंची नऊवारी लुगडी धूत. आमच्या मराठवाड्याकडच्या शेजारणीला सुरुवातीला त्यांच्यापुढे धुणं घेऊन बसायची लाज वाटायची. त्यांना कशाचीच वाटत नसे. लुगडं पिळण्याची त्यांची पद्धत मात्र चांगली होती. एक टोक चिंचेच्या फांदीला अडकवून दुसरं एकट्याने पिळत. मी ती उचलली आणि अजून वापरते.

तिसरी खोड शब्दांची, आणि तिचा सगळ्यांना ताप होता.

पुरुषाला कमीपणा आणणारा शब्द त्यांच्या अंगणात कुणी उच्चारला की ते हातातलं काम टाकून येत आणि विचारत, "कुठल्या गावचा शब्द ह्यो?" शिव्या त्यांना वर्ज्य होत्या असं नाही. आईबहिणीवरून कुणी काही बोललं तर ते फक्त "हळू" म्हणत. पण नामर्द, बायल्या, बुळा, षंढ, यांतलं काही कानावर पडलं की बोलणाऱ्याला बसवून घेत. शब्द वापरायचा तर त्याचं गाव माहीत पाहिजे, असा त्यांचा हिशेब.

एकदा सकाळी विहिरीवर दोघा भाडेकरूंची जुंपली. एक बीडकडचा, एक कोकणातला, दोघेही माझ्याच कारखान्यात. आदल्या दिवशी मुकादमाने कोकणातल्याला सगळ्यांदेखत झापलं होतं आणि तो खाली मान घालून उभा राहिला होता. बीडकडचा म्हणाला, "एक शब्द तरी बोलायचा का नाही राव? नामर्द हाईस तू."

"तोंड सांभाळ हां!" कोकणातल्याने घागर खाली ठेवली.

तेवढ्यात खांद्यावर ओलं लुगडं टाकून डॉक्टर हजर. "कुठल्या गावचा शब्द ह्यो?"

"शिवी आहे, डॉक्टर," बीडकडचा वैतागून म्हणाला.

"शिवी हाय ते मलाबी कळतंय. आली कुठनं?"

"मला काय माहीत!"

"फारशीतनं आली. चाकणच्या मौलवीसायबांना इचारलंय मी. मर्द म्हंजी पुरुष, माणूस. ना म्हंजी न्हाई. आता ह्याच्याकडं नीट बघ आनि सांग. ह्यो माणूस न्हाई का?"

"माणूस हाय. पण घाबरतो."

"मंग घाबरट म्हण. घरचा शब्द हाय, चांगला हाय." मग ते कोकणातल्याकडे वळले. "मुकादमाला घाबरतोस का रं?"

"घाबरतो," तो म्हणाला. "चार पोरं आहेत माझी."

"बघ. खरं सांगितलं त्यानं. तू घाबरत न्हाईस?"

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला आणि दोघांच्याही घागरी रिकाम्या होत्या. दोघांना उशीर झाला. संध्याकाळी येताना दोघांनी मिळून चिमटेमास्तरांना ज्या शिव्या घातल्या त्यांची गावं कुणी विचारली नाहीत.

बायल्या या शब्दावर ते फार वेळ घालवत नसत. "ह्याचं गाव हुडकायला नगं," म्हणत. "बाईपासनं आला. ज्याला ती शिवी वाटती त्यानं घरी जाऊन आईचं त्वांड बघावं." बुळा हा शब्द कुठून आला ते मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. देवळातल्या शास्त्रीबुवांना विचारलं, शाळेच्या हेडमास्तरांना विचारलं, स्टेशनवरच्या तिकीट कलेक्टरला विचारलं. तिकीट कलेक्टरला का, ते मी विचारलं नाही. दिवसभर गरम पाण्यात बाटल्या धुऊन माझे हात सोलवटलेले असायचे आणि घरी आल्यावर ओट्यावर ही शब्दांची पंचायत. मला त्यात काही रस नव्हता. मी सरळ आत जाऊन भाकरीला लागायची.

पण हे खूळ त्यांना कुठून लागलं ते मला काकूंनी सांगितलं.

चाकणच्या बाजूला बैल खच्ची करणाऱ्याला लोक बोलवत आणि त्याच वेळी टाळत. बैलावर चिमटा चालवायची वेळ आली की मालक पाठ फिरवून उभा राही. न पाहिलेलं पाप करणाऱ्याच्या डोक्यावर जातं, अशी समजूत. काम झालं की मालक नारळ हातात देई, तोही मागे न वळता. लग्नाकार्यात डॉक्टरांना पंगतीच्या टोकाला बसवत. त्यांनी जन्मात किती बैलांचा वंश बुडवला असेल, आणि त्यांना स्वतःला मूल नाही. लोकांना आणखी काय पाहिजे? बैलांचा शाप लागला, असं सगळा मुलूख म्हणे. घरातले मात्र शापावर थांबले नाहीत. भाऊबंद जमले आणि काडीमोड करून दुसरी करा म्हणाले. त्या बैठकीत उठून डॉक्टरांनी सांगितलं, "तिच्यात काही न्हाई. खोट माझ्यात हाय."

त्या दिवसापासून गावाने त्यांना षंढ म्हणायला सुरुवात केली.

मी काकूंना म्हटलं, "केवढं मन त्यांचं!"

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. "मन?" त्या म्हणाल्या. "मला इचारलं असतं तर मी न्हाईच म्हनले असते. वांझ म्हनत व्हते तवा बाया निदान कीव तरी करायच्या. मंग मी षंढाची बायकू झाले. तरण्या पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हायेरला जायाचं सोडलं मी. ह्ये बोलून मोकळे झाले. नांदायचं मला व्हतं."

मीही तांदूळ निवडायला घेतले.

आता आमचं सांगते.

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. खात्यातल्या बायका आधी दर महिन्याला विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. विचारणं बंद झालं की जास्त थकायला होतं. कारण मग आपणच सगळ्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न शोधत बसतो. मी नवस केले, उपास केले, एका वैद्याचा काढा घेतला. त्याने तोंडाला फोड आले, बाकी काही झालं नाही. मग मी तेही सोडलं.

त्या हिवाळ्यात साताऱ्याकडून सासूबाई आल्या. बरोबर शेंगांचं पोतं आणि मनात एक निश्चय. बाई वाईट नव्हत्या. आल्याआल्या त्यांनी माझे सोलवटलेले हात बघितले आणि तेल लावून दिलं. तेल लावता लावताच म्हणाल्या, "तुझ्यावर माजा राग न्हाय, पोरी. पर येकुलता येक ल्योक हाय. वंश बुडंल. सामोपचारानं काडीमोड करू. तुझं भांडंकुंडं सगळं तुला दिऊ."

"त्यांना विचारलंत?" मी म्हटलं.

"त्यो काय बोलतोय? त्यो गप बसलाय."

तो गप्प बसला होता हे खरंच होतं. दोन दिवस जेवलाही नव्हता. मी त्याला रात्री सरळ विचारलं, "तुमच्या मनात काय आहे?" तो म्हणाला, "आईला काय सांगू तेच सुचत नाही." एवढंच. रडारड मला जमत नाही. मी मनातल्या मनात सगळं मांडून पाहिलं. नोकरी होती, उपाशी मेले नसते. पण माझ्या पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या होत्या. मोठीला मूल होत नाही म्हणून सोडली म्हटल्यावर त्यांना कोण करून घेणार होतं? आणि दुसरं, हा माणूस मला बरा वाटायचा. गप्प असायचा, पण माझी दुसरी शिफ्ट असली की स्टेशनच्या फाटकापर्यंत न्यायला यायचा. असं फाटकाशी उभं राहणारं माणूस पुन्हा कुठे शोधायचं?

खोल्यांच्या मधल्या भिंती पत्र्याच्या. डॉक्टरांना सगळं ऐकू गेलं असणार. रविवारी सकाळी सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या, नवरा स्टोव्ह उघडून दुरुस्त करत होता, मी दारात पीठ चाळत होते. डॉक्टर आले, सासूबाईंच्या समोर बसले आणि तेही शेंगा फोडू लागले.

"आक्का, जनावरं किती हायेत घरी?"

"दोन बैल, येक गाय." सासूबाईंची कळी खुलली. सुनेच्या खोलीत कोंडून बसायचा त्यांना कंटाळा आला होता. "गाय लई गुणाची हाय."

"येळेवर फळती का?"

"कुठलं! गेल्या साली दोनदा उलटली, गाभण ऱ्हाईना."

"मंग? इकली का बाजारात?"

"इकतोय कशाला? दुधाची गाय, चांगली पोसल्याली. मालकास्नी म्हटलं, गायला कशापायी बोल लावताय? वळू म्हातारा झालाय त्यो. शेजारच्या गावच्या वळूकडं न्हेली आनि पयल्या खेपंलाच…"

त्या थांबल्या. हातातली शेंग अर्धी फुटली होती ती तशीच राहिली. मग त्यांनी हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि नंतर लेकाकडे.

डॉक्टर शेंगा फोडत राहिले. पीठ चाळायचं थांबवलं की चाळणीचा आवाज बंद होईल, म्हणून मी चाळतच राहिले.

नवरा उठला. स्टोव्हची पिन हातात तशीच. सहा वर्षांत मी त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "म्हणजे मी षंढ आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"शब्द तुमच्या तोंडातनं आला," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "बसा. त्याचं गाव सांगतो."

"मला नाही ऐकायचं!"

"ह्यो येक शब्द ऐकाच. बाकीचे मी कुनावरबी सोडून देतो, ह्यो माझा सोताचा हाय. वीस वर्सं मला ह्याच नावानं हाका मारत्यात." त्यांनी हातातली टरफलं बाजूला केली. "शास्त्रीबुवांनी सांगितलं ते सांगतो. संस्कृतात षंड म्हंजी देवाच्या नावानं मोकळा सोडलेला वळू. आपण सांड म्हनतो तोच. आनि षंढ म्हंजी ज्याच्यात काय न्हाई असा. दोन शब्द आजूबाजूला ऱ्हात्यात. जुन्या पोथ्या लिवनाऱ्यांनी ह्याचं त्याला आनि त्याचं ह्याला लावून ठिवलंय. बुवा म्हनले, कोणता कुठं खरा ते आता सांगवत न्हाई. मी म्हटलं, बुवा, तुमास्नी न्हाई सांगवत, मी सांगतो. हयातभर त्येच काम केलंय. वळू गावभर चरतो, कुनाच्याबी शेतात शिरतो, आनि लोक त्याला हात जोडत्यात. बडवलेला बैल जन्मभर मान खाली घालून नांगर वढतो. तुमी आमी खातो ती भाकर त्या बैलाची हाय. तर त्याचं नाव शिवी कशी झाली, ते मला कुनी सांगंना."

नवरा उभाच होता. पण आता तो ऐकत होता.

"आनि तुमी तसे हाय का न्हाई, ते मला ठाव न्हाई, तुमाला ठाव न्हाई, आक्कांना तर न्हाईच. गाय धा येळा तपासत्यात. माणसांत वळू कुनी तपासत न्हाई, एवढंच माझं म्हननं. मी आलोय तपासून. पुण्याला, सरकारी दवाखान्यात. काचंची बाटली देत्यात, दुखत न्हाई, चार दिसांनी कागूद देत्यात. घाबरायचं काय काम न्हाई. येता का, सांगा. मी येतो बरुबर."

स्टोव्ह उघडाच टाकून नवरा स्टेशनच्या दिशेने निघून गेला. दिवेलागणीला आला आणि जेवला नाही. सासूबाई जेवल्या, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. स्टोव्ह मी जोडला.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. शिफ्टला जायचं, यायचं, तीन माणसांच्या भाकऱ्या करायच्या आणि तिसऱ्याची झाकून ठेवायची. काडीमोडाचं सासूबाईंनी पुन्हा काढलं नाही, आणि मागेही घेतलं नाही. मग एका सकाळी नवरा रजा टाकून निघाला. डॉक्टर धोतर नेसून, सरकारी खाकी कोट चढवून अंगणात तयार उभे होते. दोघं चिंचवड स्टेशनकडे चालत गेले, एक पुढे, एक मागे, अनोळखी असल्यासारखे.

कागद आणायलाही दोघं बरोबरच गेले. परत आले तेव्हा सासूबाई चुलीपाशी होत्या. नवऱ्याने चपला काढल्या, हातपाय धुतले, आत येऊन खाली बसला आणि म्हणाला, "आई, खोट माझ्यात आहे. हिच्यात नाही. काडीमोडाचा विषय आता संपला."

सासूबाई बराच वेळ जाळ सारखा करत राहिल्या. मग त्यांनी पदराने डोळे पुसले. धूर होता, आणि रडूही असेल. "बरं," त्या म्हणाल्या. "पर गावात ह्ये बोलायचं न्हाय. मी सांगन, सुनंच्या पोटात गाठ हाय, डाक्तरांनी सांगितलंय म्हून."

"नाही," नवरा म्हणाला. "माझं आहे ते माझंच सांग."

"अरं, षंढ म्हनतील तुला!"

"म्हणू देत."

त्यांनी नाहीच सांगितलं. त्या गावात माझ्या पोटात अजून गाठ आहे. तिकडे गेले की एखादी म्हातारी अजून विचारते, दुखतं का गं. मी म्हणते, थंडीत जरा दुखतं. आता कोण वाद घालत बसणार?

सासूबाई गावी परत गेल्या त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे काकूंचा आवाज ऐकू आला. त्या सहसा चढ्या आवाजात बोलत नसत. "समद्या शब्दांची गावं हुडकली तुमी. मौलवी झाले, शास्त्री झाले. बाईला लावत्यात त्यो शब्द कुठल्या गावचा, कधी इचारलंत कुनाला? वांझ म्हनत्यात ती कुठली शिवी?" मी भाकरी थापायची थांबले. डॉक्टरांना उत्तर सुचलं नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते शास्त्रीबुवांकडे गेले होते म्हणे. तिथे काय कळलं ते त्यांनी ओट्यावर सांगितलं नाही. काकूंना सांगितलं असेल.

काही वर्षांनी आम्ही थेरगावला स्वतःची दोन खोल्यांची जागा केली. मूल आम्हाला झालं नाही. माझ्या दोन्ही बहिणींची लग्नं झाली, त्यांची पोरं सुट्टीला येतात, खातात, भांडतात, जातात. संसाराला जे लागतं ते होत गेलं. डॉक्टरांची गाठ कधीतरी बाजारात पडे. मग एके दिवशी ते गेल्याचा निरोप आला. दहाव्याला मी चिंचवडला गेले. लोक बेताचेच होते. त्यांच्या गावाहून कुणी आलं नव्हतं.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. सांत्वनाचं मला फारसं येत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काकू, त्यांनी त्या वेळी पुण्याला जाऊन तपासून घेतलं होतं म्हणून आमच्या ह्यांना धीर आला. नाहीतर माझं काही खरं नव्हतं."

"कवा तपासलं?" काकू म्हणाल्या.

"तुमच्या भाऊबंदांची बैठक झाली तेव्हा. आधी पुण्याला जाऊन…"

"कुठलं पुणं नि कुठलं काय! त्या दिशी ह्ये बाजारातनं आले. भाऊबंद बसल्यालं. खोट माझ्यात हाय म्हनले आनि पानी प्याले. रातच्याला मी इचारलं, खरं का वो? तर म्हनले, कुनाला ठाव! तपासलं आनि तुझ्यात निगाली, तर जन्मभर मला खोटं बोलावं लागंल. आत्ता निदान ठाव तरी न्हाई." काकूंनी पाठ जरा सावरली. "आनि तपासायला न्हाईच गेले कवा. दोगांतलं कुनीबी न्हाई."

मी संध्याकाळी घरी आले. नवरा पायरीवर बसून सायकलची चेन साफ करत होता. मी पाणी प्याले, लुगडं बदललं आणि मग त्याला सांगितलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. दवाखान्यात आम्ही तासभर डोळ्यांच्या रांगेत उभे होतो. त्यांना कुठलं दार तेच माहीत नव्हतं."

मला राग आला. कुणाचा, ते नीट कळलं नाही. "मग तिथूनच परत का नाही आलात? फसवलं होतं त्यांनी तुम्हाला."

"निघालोच होतो." त्याने चेनवर तेलाचा थेंब सोडला. "पण ते सगळ्यांना विचारत सुटले. शिपायाला, नर्सबाईंना, डोळ्याला पट्टी बांधलेल्या एका म्हाताऱ्याला. मोठ्याने, त्यांच्या त्या आवाजात. ज्या पुरुषाला पोर होत न्हाई त्यानं कुठल्या खोलीत जायाचं? सगळी रांग वळून बघायला लागली. काही लोक हसले. मी मागे भिंतीला चिकटून उभा होतो. एकाने विचारलं, कोणासाठी पाहिजे, म्हातारबा? तर म्हणाले, माझ्यासाठी."

त्याने पेडल हाताने फिरवून पाहिलं. चाक नीट चालत होतं.

"मग मला पुढे होऊन सांगावं लागलं," तो म्हणाला, "की नाही, माझ्यासाठी."